तेरा नंबरच्या दाराचं अस्तर

४ ऑक्टोबर, गुरुवार
ह्यांचं नाव छापून येणार, हे आज जवळजवळ पक्कं केलं.

तांदळाची साके दारू गाळणाऱ्या हिरासेंचं जुनं घर पाडलं, तेव्हा त्यांची चोवीस सरकती कागदी दारं युनिव्हर्सिटीच्या इतिहास विभागाने उचलून नेली. दाराच्या वरच्या चांगल्या कागदाखाली रद्दीचं अस्तर असतं. एकेक थर काढत गेलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या, याद्या, कुणाकुणाची भांडणं. दर गुरुवारी आम्ही सहा हौशी लोक तिथे जमतो. पाणी फवारायचं, थांबायचं, बांबूच्या पातीने कागद सोलायचा, नंबर टाकायचा. ह्या कामात मी सगळ्यांत हुशार आहे. गर्वाने नाही, निरीक्षणाने लिहिते.

ही दारं शेवटची मढवली ती ह्यांनी. शोवा ५१ चा, म्हणजे १९७६ चा उन्हाळा, बेचाळीस वर्षं झाली. सेनो सरांना म्हटलं, रिपोर्टमध्ये तसं लिहा. सेनो सर असिस्टंट प्रोफेसर, अडतिशीचे, स्वेटरच्या कोपराला भोक. म्हणाले, "काजितानीबाई, तुमचं खरंच असणार. पण आम्हाला कागद लागतो." म्हटलं, मी जिवंत बाई समोर उभी आहे ना. तर म्हणे, "इतिहासात तीच अडचण असते." सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते घरी येऊन शोधलं. सापडलं नाही.

संकल्प: मार्चमध्ये रिपोर्ट निघेल. त्यात ह्यांचं नाव. पूर्ण पान. फोटोसह.

११ ऑक्टोबर, गुरुवार
दार नंबर आठ. लोणच्याच्या मुळ्यांची यादी, एक घटस्फोटाची चिठ्ठी, पुन्हा मुळे. ओगुरा-सान (रिटायर्ड पोस्टमास्तर, एक्याऐंशी वर्षांचे) जुनं लपेटीचं अक्षर मोठ्याने वाचून दाखवतात. दोन ठिकाणी चुकले. मी सुधारलं. "काजितानीबाई, तुम्ही आमच्या ऑफिसात असतात तर एकही पत्र न वाचता गेलं नसतं," म्हणाले. कौतुक समजावं की कसं, अजून ठरवलेलं नाही. नववीनंतर माझी शाळा सुटली. बाकीचं सगळं वाचनालयातून. प्रोफेसर लोकांना हे खुपतं.

माइझुरूहून ताईचा फोन. तिला सांगितलं, ह्यांच्याबद्दल लिहायला काहीतरी घरगुती माहिती लागेल, तर मी लिहून देणार आहे की आमच्यात उभ्या आयुष्यात शब्दाला शब्द झाला नाही. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. वय झालंय तिचं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार
ह्यांना जाऊन तीन वर्षं. युनिव्हर्सिटीत गेले नाही. कबरीचा दगड धुतला. कडेच्या चिरा दात घासायच्या ब्रशने साफ केल्या. शेजारच्या कबरीवर कुणी कॅन कॉफी ठेवलेली, उघडून. मी आपला चहाच नेला. ह्यांना कॉफीने पित्त होतं.

बांगड्याचे दोन तुकडे आणले. एक उद्याला.

२५ ऑक्टोबर, गुरुवार
काहीतरी शिजतंय.

मी एक गुरुवार काय चुकवला, तेरा आणि चौदा नंबरची दारं सोलून झाली. उघड्या चौकटी भिंतीला टेकवलेल्या. मी विचारलं, त्यात काय निघालं? ओगुरा-सान आपल्या चष्म्याच्या काचा पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता. सेनो सर म्हणाले, "अं, साधारणच." साधारण असतं तर "अं" कशाला?

वरच्या फळीवर नवा निळा फोल्डर. त्यावर "राखीव" असं लिहिलेलं. मागच्या वेळी नव्हता.

आणि मला जागा बदलून दिली. खिडकीपाशी. म्हणे तिथे उजेड चांगला आहे. मी चाळीस वर्षं ह्यांच्या वर्कशॉपमध्ये खळ ढवळली आहे, उजेडाचं मला सांगू नका, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. सावध करायचं नसतं.

१ नोव्हेंबर, गुरुवार
सेनो सरांनी मला चेस्टनटचा गोड वडा आणून दिला. फक्त मला. "काजितानीबाई, एकदा निवांत बोलायचं होतं." मी म्हटलं, आज डेंटिस्ट आहे. नव्हता. घरी येऊन विचार केला. हातात काहीतरी ठेवून मग निवांत बोलायचं, ह्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

वडा चांगला होता. अर्धा ह्यांच्या फोटोपुढे ठेवला.

८ नोव्हेंबर, गुरुवार
प्रगती. विभागाच्या क्लार्क मातोबाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, राखीव म्हणजे काय हो? म्हणाल्या, "ज्या कागदात हयात व्यक्तीचं काही खासगी असतं तो आपण उघड दाखवत नाही. तिची परवानगी लागते." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

हयात व्यक्ती! घरी येईपर्यंत बसमध्ये सगळा उलगडा झाला. दारं कुणाची? हिरासेंची. हिरासेंच्यात हयात कोण? म्हातारे मालक, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, अजून कुस्तीला पुढच्या रांगेत बसतात. विभागाला दारं फुकट दिली कुणी? त्यांनीच. तेव्हा सेनो सर त्यांचं काहीतरी झाकत आहेत. आणि तेरा-चौदाच्या वरच्या अस्तराचे कागद बाहेर आले तरच ती ह्यांनी मढवली हे सिद्ध होणार. म्हणजे हिरासेंची अब्रू राखायला ह्यांचं नाव बुडवणार. इतकं साधं आहे.

नवी वही सुरू केली. फक्त संशयितांसाठी. १. सेनो सर. २. हिरासे. ३. ओगुरा-सान (सामील, पण मनाने कच्चे). ४. मातोबाबाई?

१५ नोव्हेंबर, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला गेले. मी स्टुलावर चढले. हात फोल्डरला लागणार इतक्यात मातोबाबाई आत. मी म्हटलं, धूळ पुसतेय. "अगबाई, किती चांगल्या तुम्ही!" म्हणाल्या, आणि फडकं आणून दिलं. मग पूर्ण फळी पुसावी लागली. नंतर शेजारची. त्यांनी तो निळा फोल्डर स्वतः उचलून धरला, खालची धूळ मला नीट पुसता यावी म्हणून.

चार नंबरपुढचं प्रश्नचिन्ह काढलं.

२२ नोव्हेंबर, गुरुवार
सेनो सर पुन्हा. "पाच मिनिटं, काजितानीबाई." डेंटिस्ट. "तुमचे दात फार त्रास देताहेत वाटतं," म्हणाले. ओगुरा-सान म्हणाले, "दात नाहीत हो, जीभ." माझ्या पाठीमागे काय काय बोलतात ते ह्यावरून कळावं.

ओगुरा-सानना जिन्यात गाठलं. म्हटलं, तुम्ही देवाला मानता ना, मग सांगा त्या फोल्डरमध्ये काय आहे. म्हातारा कठडा धरून उभा राहिला. म्हणाला, "बाई, मी चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली. कधी एक फोडलं नाही. हे वाचलं आणि वाटलं, वाचायला नको होतं. तुम्ही सरांशी बोला." बघा. एवढं भयंकर आहे.

संकल्प: बोलणार नाही. १५ डिसेंबरला जाहीर सभा आहे. जे काय ते तिथेच, लोकांसमोर.

२९ नोव्हेंबर, गुरुवार
भाषणाची तयारी. पहिलं वाक्य: "इतिहास कुणाच्या फळीवर राखून ठेवायचा नसतो." ह्यांच्या फोटोपुढे तीनदा म्हणून पाहिलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे मत दिलं नाही.

ह्यांचं मौन म्हणजे संमती. पूर्ण संसारात हेच गमक होतं आमच्या सुखाचं.

६ डिसेंबर, गुरुवार
सर्दी. गेले नाही. सेनो सरांचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं, जाड पाकीट. फोडलं नाही. सभेआधी मन वळवायचा प्रयत्न असणार. ड्रॉवरमध्ये ठेवलं, पुरावा म्हणून.

१३ डिसेंबर, गुरुवार
किमोनो काढून वारा दिला. काळा नको, करडा. विजयाला काळा बरा दिसत नाही.

ताईचा फोन. सभेचं सांगितलं. "किनुए, तू लहानपणापासून अशीच. आधी भांडायचं, मग कशावरून ते विचारायचं," म्हणाली. मी भांडते? मी? फोन ठेवताना जरा जोरात ठेवला गेला. रिसीव्हर जुना आहे.

१५ डिसेंबर, शनिवार
माइक खराब होता.

आधी ते. माइक खराब होता, म्हणून मला मोठ्याने वाचावं लागलं. एरवी मागच्या रांगांना ऐकू गेलं नसतं.

चाळीसेक माणसं. पुढच्या रांगेत हिरासे, काठीवर हनुवटी टेकून. सेनो सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मुळे, घटस्फोट, मुळे. प्रश्न विचारा म्हणाले. मी उठले. पहिलं वाक्य छान झालं. सेनो सरांचा चेहरा पडला. "काजितानीबाई, इथे नको. मी पत्र लिहिलं होतं." मी म्हटलं, तुमचं पत्र मी फोडलेलं नाही आणि फोडणारही नाही. ओगुरा-सान माझी बाही ओढत होते, शिवण उसवेपर्यंत. मी म्हटलं, एक हयात व्यक्ती ह्या सभागृहात बसली आहे, तिच्या भीतीने सत्य दडवलं जातंय. आणि हिरासेंकडे बघितलं.

हिरासे म्हणाले, "माझ्याबद्दल काही असेल तर वाचा की. ह्या वयात कुणी माझ्याबद्दल काही लिहिलं तर मला बरंच वाटेल."

सेनो सरांनी प्रोजेक्टर बंद केला. मग म्हणाले, "तुमची परवानगी आहे, असं समजू? तुमची?" मी म्हटलं, माझी शंभर वेळा आहे. त्यांनी निळा फोल्डर आणला. "मग तुम्हीच वाचा."

चष्मा लावला. ब्रशने लिहिलेलं, लपेटीचं अक्षर, जरा शिकाऊ. मी सुरुवातीलाच सांगितलं, हे बाईचं अक्षर आहे आणि तिला कुणी नीट शिकवलेलं दिसत नाही. मग वाचलं:

"सात तारीख, पाऊस. आज त्या माणसाने दिवसभरात तीन शब्द उच्चारले. चहा. खळ. झोपतो. मी मोजले."

मी लोकांना समजावलं की ही हिरासेंच्या घरातली सून असावी. बघा, किती सोसलंय बिचारीने. हिरासे म्हणाले, "आमच्या घरात खळ कोण करणार? आमच्याकडे साके करतात." लोक हसले. मी पुढचं पान घेतलं:

"नऊ तारीख. सासूबाई म्हणतात, सुनेला वाचून काय करायचंय, दारं वाचणार आहे का. ह्या घरात माझ्यापेक्षा खळीच्या भांड्याची विचारपूस जास्त होते. हा दगड माझ्याशी बोलला तर बहुतेक मीच दचकेन. मी माइझुरूला ताईकडे जाते. परत येणार नाही. तात्सुजीने आपली खळ आपण खावी."

'तात्सुजी' ह्या ह्यांच्या नावापर्यंत मी वाचलं. स्पष्ट आवाजात.

हिरासे म्हणाले, "पुढे?"

१६ डिसेंबर, रविवार
ती पानं मी अक्षर सुधारायला लिहायची. रोज एक. त्यात जे लिहिलं ते खरंच होतं असं नाही. सरावाला काहीतरी मजकूर लागतोच. नंतर रद्दीत टाकली होती. रद्दी कुठे जाते ते मढवणाऱ्याच्या बायकोला माहीत असायला हवं.

सेनो सरांचं पत्र फोडलं. चार पानं. चारही पानांत "क्षमस्व" आहे. विनोद कुठेच नाही.

पुन्हा युनिव्हर्सिटीत जाणार नाही.

२० डिसेंबर, गुरुवार
गेले. पाती माझी तिथेच राहिली होती. चांगली पाती आहे, ह्यांनी तासलेली.

ओगुरा-साननी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "चहा." मग स्वतःच लाल झाले. "तसं नव्हतं म्हणायचं मला." मी म्हटलं, राहू दे हो.

सेनो सरांनी शेवटी ती पाच मिनिटं घेतली. म्हणाले, रद्दीचं अस्तर कुणीही लावताना कागद कसेही लावतो, उलटे, आडवे, हाताला येईल तसे. दोनशे वर्षांच्या दारांत त्यांनी हेच पाहिलंय. "तुमची पानं मात्र सगळी सुलटी आहेत. आणि तारखेच्या क्रमाने. पहिल्यापासून एकसष्टपर्यंत. कौलांसारखी एकावर एक." म्हणजे लावणाऱ्याने वाचली असणार, असं त्यांचं मत.

मी म्हटलं, हे नीटनेटके होते. कशालाही क्रम लावायचे.

"आणखी एक विचारू?" म्हणाले. "मध्ये एका ठिकाणी चौदा कोरे कागद आहेत. त्याच मापाचे, नवे. नऊ मार्चनंतर. नवा चांगला कागद कुणी अस्तराला वापरत नाही. ते चौदा दिवस तुम्ही काही लिहिलं नव्हतं का?"

मी म्हटलं, ब्रश तुटला होता.

बस चुकली. पुढची येईपर्यंत थांब्यावर उभी राहिले. बर्फ पडायला लागलं होतं. माइझुरूला तेव्हा मी चौदा दिवसच होते. ह्यांनी परत आल्यावर एक अक्षर विचारलं नाही. मला वाटलं, लक्षातच आलं नसेल.

१० जानेवारी, गुरुवार
सेनो सरांनी फॉर्म दिला. ह्यांचं नाव रिपोर्टात घालायचं तर पुरावा छापावा लागेल, आणि पुरावा तर माझीच पानं. परवानगी द्यायची की नाही ते माझ्यावर.

युक्ती सुचली. म्हटलं, एकसष्टांत कुठेतरी चांगलं लिहिलंच असेल, तेवढं छापा. दुपारभर बसून सगळी पानं वाचली. सापडलं! मे महिन्याचं एक: "आज ह्यांनी न सांगता माझ्या खिडकीचा कागद बदलला. वाचायला उजेड चांगला येतो." मी विजयाने ते सरांपुढे ठेवलं.

त्यांनी डोकं खाजवलं. "काजितानीबाई, ह्यात नाव नाही. तुम्ही खूश असलात की 'हे' लिहिता. नाव फक्त चिडल्यावर घेता. 'तात्सुजी' अशी चारच पानं आहेत." ती चार त्यांनी मला दाखवली. एकात ह्यांना मी मुळ्याची उपमा दिलेली आहे.

ओगुरा-सान म्हणाले, "छापू नका बाई. आम्हाला माहीत आहे ना, त्यांनीच मढवली. पुरे झालं." मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही एक्याऐंशीचे आणि मी एकाहत्तरची. आपल्या मागे कुणाला माहीत असणार?

सेनो सर हळूच म्हणाले, "म्हणूनच कागद लागतो."

ऑक्टोबरातल्या त्या विनोदाचं आता हसू आलं. उशिरा.

सही केली. जरा वाकडी आली, पेन त्यांचं स्वस्तातलं होतं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
दार नंबर बावीस. पुन्हा मुळे. मातोबाबाईंनी मला फळी पुसायचं फडकं आणून दिलं आणि डोळा मारला. संशयितांची वही रद्दीत टाकणार होते. आता रद्दीत काही टाकायची हिंमत होत नाही. स्टोव्हमध्ये घातली.

ताईला फोन केला. विचारलं, मी तुझ्याकडे आले होते तेव्हा ह्यांचा फोन आला होता का? म्हणाली, "रोज यायचा. मी उचलायची. तिकडून कुणी बोलायचं नाही. थोडा वेळ थांबून ठेवून द्यायचे. मला वाटलं, राँग नंबर." मग म्हणाली, "किनुए? आहेस ना लाइनवर?" होते.

२८ मार्च, गुरुवार
रिपोर्ट आला. पोस्टाने, दोनशे बारा पानं. वजनाला चांगला.

ह्यांना पूर्ण पान नाही. फोटो नाही. तक्ता सहा, खालून तिसरी ओळ. बारीक टाइपात: "दार १३, १४. वरचं अस्तर, शोवा ५१. मढवणारे: बहुधा काजितानी तात्सुजी."

बहुधा!

चाळीस लोकांसमोर अब्रू गेली, चार पानं छापून दिली, आणि बहुधा. लगेच फोन केला. मला आधीपासूनच शंका होती ह्या माणसाची. सेनो सर म्हणाले, "बाई, आमच्यात 'बहुधा' म्हणजे फार मोठी गोष्ट असते. बाकी सगळ्या तक्त्यात बघा, 'शक्यता नाकारता येत नाही' असंच आहे." बघितलं. आहे खरं. चोवीस दारांत "बहुधा" फक्त ह्यांना.

माझी चार पानं मात्र मोठ्या टाइपात. फोटोसह. खाली लिहिलंय: "एका गृहिणीची दैनंदिनी. विषय: पतीविषयी तक्रारी." तिथे "बहुधा" नाही.

रिपोर्ट ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. चहा ठेवला. तक्ता सहाचं पान उघडून ठेवलं आणि माझ्या चार पानांना रबरबँड लावला, ह्यांना दिसू नयेत म्हणून.

मग रबरबँड काढला. ह्यांनी ती वाचलेलीच आहेत.